१४२८५७चे अंक गोल का फिरतात?

प्रश्न: लेकीला भागाकार शिकवताना १ ला ७ ने भागलं. ०.१४२८५७, पुढे पुन्हा तेच. दुप्पट केली तर २८५७१४, तिप्पट ४२८५७१. अंक तेच, फक्त फिरलेले! सातपट मात्र ९९९९९९. असं का? कालपासून डोक्यातून जात नाहीये.

उत्तर: ताई, बाकी बघा: १, ३, २, ६, ४, ५, परत १. सहाही बाक्या येतात. २/७ म्हणजे त्याच रांगेत बाकी २ पासून सुरुवात.

उत्तर: वर्ग करा, २०४०८१२२४४९. तोडून बेरीज: २०४०८ + १२२४४९ = १४२८५७. अशा संख्यांना देवळालीचे शिक्षक द. रा. कापरेकर यांचं नाव आहे.

प्रश्नकर्ती: वहीत मांडलं, जुळलं! पण १/१३ ला ०७६९२३ आणि २/१३ ला १५३८४६ येतंय?

उत्तर: तिथे बारा बाक्यांच्या दोन रांगा पडतात. १७ घ्या, सोळा अंकांची अखंड रांग मिळेल.