प्लेसहोल्डरला विभक्ती लावायची कशी?

प्रश्न: सॉफ्टवेअरचे संदेश मराठीत आणताना ‘$1’ सारख्या खुणा, म्हणजे प्लेसहोल्डर, सतत येतात; त्यांच्या जागी संगणक नंतर खरे नाव किंवा संख्या भरतो. ‘$1ला’ असे जोडून लिहावे की ‘$1 ला’ असे तोडून? आणि चौकोनी कंसातल्या मजकुराचे भाषांतर करायचे का?

उत्तर: जोडा किंवा तोडा, दोन्ही अपुरेच. मराठीत प्रत्ययाआधी नामाचे सामान्यरूप होते: पुणे–पुण्याला, शाळा–शाळेत. संगणक मात्र $1च्या जागी नाव आहे तसे ठेवतो, म्हणजे पडद्यावर ‘पुणेला’ उमटणार. त्यापेक्षा प्रत्ययाचा भार दुसऱ्या शब्दावर टाका: ‘$1 या शहराला’, ‘$1 या पानावर’. नाव अखंड राहते आणि वाक्य मराठी वाटते.

माणसाच्या नावापुढे ‘यांनी’ फार उपयोगी. ‘$1 यांनी फाईल हटवली’ यात क्रियापद फाइलीप्रमाणे चालते, त्यामुळे हटवणारी व्यक्ती स्त्री की पुरुष हे कळले नाही तरी अडत नाही. ‘$1 सामील झाला’ लिहिले की अडते. तिथे ‘$1 यांनी प्रवेश केला’ अशी सकर्मक रचना घ्यावी. मला हा मराठीचा मोठा आधार वाटतो.

प्रश्न: आणि अनेकवचन?

उत्तर: मीडियाविकीत (विकिपीडिया ज्यावर चालतो ते सॉफ्टवेअर) एकवचनाचे आणि अनेकवचनाचे रूप उभ्या रेघेने वेगळे केलेले असते: पान|पाने. प्रत्यय असेल तर तो रेघेच्या दोन्ही बाजूंना आत लिहा: पानावर|पानांवर. बाहेर ‘वर’ ठेवला तर ‘पानेवर’ होईल. ‘दिवस’सारख्या शब्दाची दोन्ही रूपे सारखी असली तरी दोन्ही लिहावीत.

चौकोनी कंसाचे म्हणाल, तर आज्ञेच्या (कमांडच्या) मदत-मजकुरात त्याचा अर्थ ‘हे दिले नाही तरी चालेल’ असा असतो. कंस तसेच ठेवा, आतल्या ‘फाईल’सारख्या वर्णनाचे भाषांतर करा, पण आडव्या रेघेने सुरू होणाऱ्या पर्यायाला हात लावू नका, तो वापरणाऱ्याला जसाच्या तसा टंकायचा असतो.

$1 मधला अंक देवनागरीत लिहायचा नाही. ‘$१’ ही खूण प्रणालीला ओळखता येत नाही, त्यामुळे नावाऐवजी तीच वाचकाला दिसते. क्रमांक असलेल्या खुणांची जागा मात्र बिनधास्त बदला: ‘$2 हे पान $1 यांनी हलवले’ चालते.