श्वास मोजताना गरगरतंय, आणि ‘सगळं छान होईल’ मनाला पटंना

(बेळगावातल्या चौघांचं बोलणं, नावाच्या जागी ज्याचा त्याचा भाग.)

उद्यमबाग: शिफ्ट सुटल्यावर डोकं तापलेलं, खांदे आखडलेले. दीर्घश्वसन करायलोय, तर दोन मिनिटांत गरगरतंय, बोटांना मुंग्या येतात. ‘सगळं छान होईल’ कितीही घोकलं तरी मन ऐकंना. चुकतंय कुठं, सांगा की.

टिळकवाडी: श्वास खोलही घेताय आणि भरभरही. त्यानं रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, म्हणून गरगर आणि मुंग्या. छाती फुगवू नका. नाकानं ४ सेकंद, नेहमीएवढीच हवा आत, मग ६ सेकंद सावकाश बाहेर. मध्ये रोखायचा नाही. मिनिटाला ६ श्वास होतात. सोडताना हृदयाचे ठोके मंदावतात, म्हणून सोडणं लांब. सुरुवातीला ३ मिनिटं बास. गरगरलं की मोजणं थांबवा, आपसूक चालतो तसा श्वास चालू द्या.

वडगाव: खांद्यांना एडमंड जेकबसन या अमेरिकन डॉक्टरांची स्नायू सैल करायची पद्धत लागू पडते. मूठ ५ ते ७ सेकंद आवळा, मग एकदम सोडा आणि २० सेकंद नुसता तो सैलपणा बघा. बहुतेक लोक इथंच घाई करतात, आणि खरा गुण तर सोडण्यातच आहे. मग दंड, खांदे कानापर्यंत, कपाळ, जबडा, पोट, मांड्या. पिंढरीला पायाची बोटं स्वतःकडं ओढा. खाली ताणली तर गोळा येतो. सगळी ताकद लावायची नाही, दुखरी मान असेल तर ती वगळा. आणि डोकं शांत असतानाच रोज सराव करा. ऐन तापात पहिल्यांदा करून जमत नाही.

खानापूर रोड: घोकण्याचं सांगतो. मन पुरावा मागतं, घोषणा नाही. वहीत लिहा: प्रसंग, मनात आलेला विचार, त्यावर किती टक्के विश्वास, बाजूचा पुरावा, विरुद्धचा पुरावा, शेवटी पटेल असं वाक्य. समजा, ‘अर्ज कन्नडमध्ये आहे, माझ्याकडनं चुकणार, काम अडकणार.’ पटणारं वाक्य: ‘कन्नड येणाऱ्याकडनं तपासून घेऊन सोमवारी देतो, चुकलाच तर दुसरा भरता येतो.’ विश्वास ९० वरून ५० वर आला तरी पुष्कळ झालं. कर्जाचा हप्ता खरंच थकला असेल तर मात्र वही बाजूला ठेवा आणि बँकेत जाऊन बोला.

उद्यमबाग: मशीनवर असताना करू का?

वडगाव: स्नायूंचं अजिबात नको, डोळे मिटतात, लक्ष सुटतं. श्वाससुद्धा चहाच्या सुट्टीत, बसून.

टिळकवाडी: छातीत दुखत असेल तर ताण समजून बसू नका, आधी डॉक्टर. झोप, भूक दोन आठवडे बिघडलेली असेल तर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीला १४४१६ वर फोन करा. मोफत आहे, २४ तास चालतो, कन्नड नि मराठी दोन्हीत बोलता येतं.