मदत हवी आहे: जेपीजी फोटो पुन्हा पुन्हा सेव्ह केला तर खराब होतो का? (अर्जंट)

रिमझिम
शनिवारी आजीचं सहस्रचंद्रदर्शन आहे आणि मी रडकुंडीला आलेय. तिचा वाड्यातला १९६४ चा फोटो १२ बाय १८ करून फ्रेम करायचाय. आठवडाभर रोज रात्री थोडं थोडं काम करतेय: डाग पुसणं, उजेड वाढवणं, कड कापणं, आणि दर वेळी सेव्ह. आज अप्पा बळवंत चौकाजवळच्या प्रिंटवाल्याकडे गेले, तर त्याने स्क्रीनवर मोठा करून दाखवला आणि म्हणाला, "ताई, फाटणार हा." नथीभोवती मुंग्या लागल्यासारखे ठिपके, मागच्या भिंतीवर चौकोन चौकोन. पहिल्या दिवशी हे नव्हतं, शप्पथ. सारखं सेव्ह केल्यामुळे झालं का? परत नीट कसं करू? लवकर सांगा प्लीज.

चष्मिष
कशात एडिट करताय? फाइल किती पिक्सेलची? स्कॅन आहे की मोबाइलने काढलेला फोटोचा फोटो? मूळ फाइल वेगळी ठेवलीय का? एवढं सांगितल्याशिवाय कोण काय सांगणार?

तांबडा_फुटाणा
जेपीजी नुसता उघडून बंद केला तरी क्वालिटी जाते. आमच्या ऑफिसातल्या डिझायनरने सांगितलंय. पीएनजी (फोटोचा दुसरा फाइल-प्रकार) करून टाका, प्रश्न मिटला.

डार्करूम
तुमच्या डिझायनरला नमस्कार सांगा. उघडल्याने काहीही होत नाही. हजारदा उघडा, पेनड्राइव्हवर कॉपी करा, मेलला जोडा, फाइल अक्षरशः तीच राहते. झीज होते ती एडिटरमधून पुन्हा जेपीजी म्हणून सेव्ह करताना. आणि फाटलेल्या फोटोचा पीएनजी केला तर फाटलेलाच पीएनजी मिळतो, वर फाइल जड.

पेठकर_काका
आजींचं वय किती? ८१ वं लागल्या लागल्या सहस्रचंद्रदर्शन उरकतात हल्ली. हिशोब करा. पौर्णिमा ते पौर्णिमा सरासरी २९.५३ दिवस. हजार पौर्णिमांचे २९,५३० दिवस, म्हणजे ८० वर्षं आणि १० महिने. त्याआधी केलं तर चंद्र कमी पडतात.

रिमझिम
काका, आजीचे चंद्र पुरे आहेत, फोटोचं बघा ना! @चष्मिष, लॅपटॉपमध्ये आधीपासून असतो तोच साधा एडिटर. सेव्ह करताना क्वालिटी वगैरे काही विचारत नाही. फाइल एकच आहे, तिच्यावरच सेव्ह करत गेले.

चष्मिष
एकच फाइल. अरे देवा.

डार्करूम
आता नीट सांगतो. जेपीजी ८ बाय ८ पिक्सेलचे चौकोन पाडतं. प्रत्येक चौकोनातले बारकावे आकड्यांत मांडतं आणि ते आकडे ढोबळ करून टाकतं. भाजीवाल्याने ४७ चे ५० केले तसं. उद्या फक्त ५० माहीत असेल तर मूळ ४७ होते की ५२, कोण सांगणार? नथीसारखी बारीक, काळ्यापांढऱ्याची कडक कड असलेली जागा असली की ही चूक कडेभोवती ठिपक्यांसारखी उमटते. त्याच तुमच्या मुंग्या. सपाट भिंतीवर चौकोनांचे सांधे दिसायला लागतात.

आता गंमत बघा. काहीही न बदलता, त्याच एडिटरमध्ये, त्याच क्वालिटीला पुन्हा सेव्ह केलं तर ५० चे पुन्हा ५० च होतात. पहिल्या काही सेव्हनंतर फोटो जवळजवळ स्थिरावतो. म्हणजे "शंभर वेळा सेव्ह केलं की फोटोचा चिखल" हे जसंच्या तसं खरं नाही. पण तुम्ही दर वेळी उजेड बदललात, म्हणजे सगळे आकडे हलले आणि नव्याने ढोबळ झाले. कड कापलीत, तीही डावीकडून किंवा वरून. ८ च्या पटीत नसेल तर चौकोनांची जाळीच सरकते. जुन्या चौकोनांचे सांधे नव्या चौकोनांच्या पोटात येतात आणि नवे सांधे वेगळे पडतात.

तांबडा_फुटाणा
कुठला भाजीवाला ४७ चे ५० करतो? मंडईत ४५ ला मिळतं.

वैशाख_वणवा
रंगांचं कुणी बोलतच नाहीये. बरेच एडिटर जेपीजी करताना रंगांची माहिती आडवी-उभी दोन्हीकडे निम्मीच ठेवतात, त्यामुळे लाल रंग कडेला सांडतो. लाल काठाच्या साड्यांच्या फोटोत हा त्रास मी किती वेळा

डार्करूम
फोटो १९६४ चा आहे. कृष्णधवल.

वैशाख_वणवा
प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).

मु_पो_कर्वेनगर
गिम्प नावाचा फोटो एडिटर वापरा, फुकट आहे. काम चालू असताना त्याच्या स्वतःच्या एक्ससीएफ फाइलमध्ये सेव्ह करायचं, त्यात काही गळत नाही. सगळं झालं की शेवटी एकदाच जेपीजी, क्वालिटी ९० च्या वर. मी तर लग्नाचा अख्खा अल्बम
(अवांतर: कार्यालय कुठलं घेतलंत? मसालेभात चांगला करणारा आचारी हवाय आईबाबांच्या पन्नाशीला.)

तांबडा_फुटाणा
एवढं कशाला? एआयने मोठा करा, दोन मिनिटांत चकाचक.

रिमझिम
केलं. चेहरा चकाचक झाला, पण डोळे दुसऱ्याच बाईचे आले. आईला दाखवला तर म्हणाली, "ही कोण?"

चष्मिष
पिक्सेल अजून सांगितले नाहीत तुम्ही. आणि पहिल्या दिवशी ही फाइल आली कुठून?

रिमझिम
आत्ताची १०४१ × १५६०. मामाने स्कॅन करून फॅमिली ग्रुपवर टाकला होता, तिथून घेतला. आत्ता बघितलं, फोनमध्ये ती आलेली फाइल तशीच आहे! ती १०६७ × १६००.

चष्मिष
१६००! हे पहिल्या पोस्टमध्ये असतं तर आम्ही भाजीवाल्यापर्यंत गेलोच नसतो. ग्रुपवर फोटो म्हणून टाकला की ॲप तो लहान करतं आणि पुन्हा जेपीजी करतं. म्हणजे तुम्ही हात लावायच्या आधीच तो एकदा दाबलेला होता. १८ इंचांना १६०० पिक्सेल, म्हणजे इंचाला जेमतेम ८९. प्रिंटवाला बरोबर म्हणाला. मुंग्या तुमच्या सेव्हच्या, पण फाटणं मुळात ह्याचं. मामांनी कितीवर स्कॅन केलं? मूळ फोटो केवढा?

डार्करूम
+१. मामांच्या मशिनवरची मूळ फाइल मागवा, आणि "डॉक्युमेंट" म्हणून पाठवायला सांगा. तसं पाठवलं की फाइलला कुणी हात लावत नाही.

पेठकर_काका
मूळ कागदावरचा फोटो आहे ना घरात? तो सांभाळा. नारायण पेठेतल्या आमच्या घरातले झाडून सगळे फोटो १२ जुलै १९६१ ला पानशेतच्या पुरात गेले. माझ्या वडिलांचा लहानपणचा एकही फोटो नाही. तुम्ही लोक पिक्सेल मोजताय.

मु_पो_कर्वेनगर
काका, म्हणूनच स्कॅन करून तीन ठिकाणी ठेवायचं. (आचाऱ्याचं राहिलं.)

रिमझिम
मामाशी बोलले. फोटो ४ बाय ६ चा, स्कॅन ६०० डीपीआयवर, म्हणजे इंचाला ६०० ठिपके. आधी म्हणाला "ग्रुपवर टाकलाय की," मग दहा मिनिटं डॉक्युमेंटचं बटण शोधत होता. आली फाइल. २४०० × ३६००.

चष्मिष
१२ बाय १८ ला इंचाला २०० पडतात. भिंतीवरच्या फ्रेमला झकास. आता ह्या फाइलची आधी एक कॉपी करा. आधी कॉपी. मग एडिट.

रिमझिम
केली, दोन केल्या. गिम्पही टाकलं. आणि ऐका, नथीतले मोती मोजता येतायत, सात आहेत. आजीच्या खांद्यामागे भिंतीवर एक करडा डाग होता, तो मी तीन रात्री पुसत बसले होते. ती खुंटी निघाली. खुंटीला आजोबांची टोपी आहे.

पेठकर_काका
कड कापताना सांभाळा, टोपी फ्रेममध्ये आली पाहिजे.