मोजक्या साहित्याच्या व्यायामशाळेत पायांची ताकद कशी वाढवावी?

काळीमाती (यवतमाळ जिल्हा)
आमच्या गावच्या व्यायामशाळेत एक लोखंडी रॉड, रॉडसकट ४० किलो भरतील एवढ्या प्लेटा, १० किलोचे दोन डंबेल आणि एक सपाट बाक एवढेच साहित्य आहे. स्क्वॉटचा (रॉड खांद्यावर घेऊन मारायच्या बैठकीचा) रॉड खांद्याच्या उंचीवर टेकवायचा स्टँड नाही आणि पायांचे एकही मशीन नाही. तालुक्याच्या ठिकाणी मोठी जिम आहे. पण कापूस वेचणीच्या हंगामात घरचे काम सोडून रोज तिथे जाऊन येणे शक्य होत नाही. पोलीस भरतीची तयारी करीत असल्यामुळे धावणे आणि गोळाफेक या दोन्हींसाठी पायांत जोर हवा आहे. माझे वजन ६४ किलो आहे. रोज सकाळी दोनशेच्या वर बैठका मारतो. त्याने दम वाढला, पण गोळा आहे तिथेच पडतो. बैठकांची संख्या आणखी वाढवावी की दुसरा काही उपाय आहे?

पायवाट
संख्या वाढवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. जो व्यायाम आपण सलग शंभर वेळा करू शकतो, तो स्नायूंची चिकाटी वाढवतो. त्यांचा जास्तीत जास्त जोर वाढवण्याच्या कामी तो फारसा येत नाही. त्यासाठी आठ-दहा वेळांत पाय थकतील एवढा भार लागतो. तो भार आपल्याकडे नाही असे आपण समजता, पण हिशेब करून पाहावा. ६४ किलोचा माणूस ४० किलोचा रॉड घेऊन दोन्ही पायांवर बसतो, तेव्हा एकूण १०४ किलो दोन पायांत वाटले जातात आणि एकेका पायाच्या वाट्याला साधारण ५२ किलो येतात. तोच माणूस मागचा पाय बाकावर टेकवून दोन्ही हातांत १०-१० किलोचे डंबेल घेऊन खाली बसला, तर ८४ किलोंपैकी बराच मोठा वाटा पुढच्या एकट्या पायावर पडतो. म्हणजे निम्म्या वजनात पायाला जास्त काम मिळाले. जिममधली मुले याला बल्गेरियन स्क्वॉट म्हणतात.

तो करताना बाकापासून इतके पुढे उभे राहावे की खाली गेल्यावर पुढची टाच जमिनीवरून उचलली जाणार नाही. मनात तीन अंक मोजत खाली जावे, तळाशी क्षणभर थांबावे आणि मग जोर लावून वर यावे. अशुद्ध पद्धतीने बारा वेळा करण्यापेक्षा शुद्ध सहा वेळा केलेले बरे. कमजोर पायाने सुरुवात करावी आणि त्या पायाने जेवढे झाले तेवढेच दुसऱ्या पायाने करावे, अन्यथा उजव्या-डाव्यातला फरक वाढत जातो. प्रत्येक पायाचे तीन सेट, म्हणजे मध्ये विश्रांती घेऊन तीन फेऱ्या, पुरेत. एका पायाचे बारा वेळा सहज होऊ लागले की डंबेलच्या जागी रॉड खांद्यावर घ्यावा.

काळीमाती
आभारी आहे. मात्र स्टँड नसताना रॉड खांद्यावर घ्यायचा कसा, हीच माझी मोठी अडचण आहे. दोन मित्र उचलून देतात, पण ते रोज येतीलच असे नाही.

धुऱ्यावरचा
४० किलोचा रॉड जमिनीवरून छातीपर्यंत उचलून समोरच धरता येतो, आणि तसा धरून बसल्यास पाठही सरळ राहते. त्याहून सोपा मार्ग आपल्या घरीच पडलेला असेल. युरियाचे रिकामे पोते घ्यावे, त्यात वाळू भरावी, तोंड सुतळीने घट्ट बांधावे आणि ते दुसऱ्या पोत्यात घालावे, कारण एकेरी विणीतून बारीक वाळू गळत राहते. येथे एक सावधगिरी हवी: पोत्यावर ४५ किलो छापलेले असले तरी वाळू युरियापेक्षा पुष्कळ जड असते, त्यामुळे पोते गच्च भरले तर वजन दुपटीच्या आसपास जाते. आरंभी अर्ध्याहून कमी भरावे आणि वेचलेला कापूस ज्या काट्यावर मोजता त्याच काट्यावर ते मोजून घ्यावे. असे पोते दोन्ही हातांनी छातीशी कवटाळून खाली बसावे. स्टँडचा प्रश्नच उरत नाही, आणि उठता आले नाही तर पोते पुढे सोडून देता येते. काटा घरचाच असल्यामुळे दर पंधरवड्याला दोन-तीन किलो वाळू वाढवत नेणे सोपे जाते.

जुनी तालीम (अमरावती)
वरील सल्ला योग्य आहे, तरी बैठकांना कोणी कमी लेखू नये. आमच्या अमरावतीत १९१४ साली स्थापन झालेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६च्या ऑलिंपिकच्या वेळी बर्लिनमध्ये जाऊन भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके केली होती, आणि त्या परंपरेत बैठकांचे स्थान मोठे आहे. शरीर गरम करायला आणि दम टिकवायला शंभरेक बैठका जरूर माराव्यात. त्यांची खरी उणीव निराळी आहे, आणि तिचा उल्लेख अजून कोणी केलेला नाही. बैठकीत मांडीचा पुढचा भाग कामाला लागतो, मागचा भाग जवळजवळ मोकळाच राहतो. ५० गुणांच्या मैदानी चाचणीत १०० मीटर धावण्यालाही गोळाफेकीएवढेच १५ गुण आहेत, आणि वेगाने धावताना ताण बसतो तो याच मागच्या स्नायूंवर. भरतीच्या मैदानावर मुले मांडी धरून खाली बसतात ती बहुधा यांच्यामुळेच.

यावर उपाय असा आहे. गुडघ्यांखाली दुमडलेली सतरंजी घेऊन गुडघ्यांवर उभे राहावे आणि मित्राला दोन्ही घोटे घट्ट दाबून धरायला सांगावे. गुडघ्यापासून डोक्यापर्यंतचे शरीर एका रेषेत ठेवून, कमरेत न वाकता, शक्य तितक्या सावकाश पुढे झुकावे. तोल सुटला की हात टेकावेत आणि हातांनीच जमीन ढकलून परत यावे. सुरुवातीला तीन-चार वेळांच्या दोन सेटपेक्षा जास्त करू नये, कारण दुसऱ्या दिवशी चालणे अवघड होते. मित्र नसेल त्या दिवशी रॉड हातात घेऊन, गुडघे किंचित वाकवून, कंबर मागे ढकलत पुढे वाकण्याचा डेडलिफ्ट करावा.

काळीमाती
हे सर्व रोज करावे काय? सकाळचे धावणे तर सोडता येणार नाही.

पायवाट
रोज मुळीच करू नये. आठवड्यातून दोन वेळा, मध्ये किमान दोन दिवस सोडून करावे. ज्या दिवशी १६०० मीटर घड्याळ लावून धावायचे असेल, त्याच्या आदल्या दिवशी पायांचा जड व्यायाम ठेवू नये. उन्हाळ्यात पत्र्याच्या व्यायामशाळेत दुपारी पाऊल ठेवू नये, सकाळीच उरकावे. आणि गुडघ्यावर सूज आली किंवा जिना उतरताना नेमके एकाच ठिकाणी दुखू लागले, तर भार वाढवणे थांबवून आधी डॉक्टरांना दाखवावे.

आहाराविषयी आपण विचारलेले नाही, तरी सांगतो. पावडरच्या डब्यावर पैसे घालवण्यापूर्वी सोयाबीनच्या वड्या सुरू कराव्यात. कोरड्या १०० ग्रॅम वड्यांत सुमारे ५० ग्रॅम प्रथिने असतात. रोज त्यातल्या अर्ध्या वड्या, तुरीचे घट्ट वरण आणि जमल्यास दोन अंडी एवढे भाकरीसोबत घेतले तरी चांगला आधार मिळतो.