भिशीचा नंबर, लिफ्टची बाकी आणि दोन लाख

(सोसायटीचा ग्रुप, विश्रामबाग, सांगली. सोमवार सकाळ)

सुनीता २०३: शोभाताई, काल पर्सनलवर विचारलं, निळी टिक आली पण उत्तर नाही, म्हणून नाइलाजानं इथं लिहिते. या महिन्याची भिशी मला मिळेल का? ओमच्या मेडिकल ॲडमिशनच्या कौन्सिलिंगचं रजिस्ट्रेशन गुरुवारी बंद होतंय.

शोभाताई ३०२: अगं काल बारशाला मिरजेला होते, उत्तर द्यायचं राहिलं. राग मानू नकोस, पण चिठ्ठी ५ तारखेलाच निघाली, मुल्लाभाभींचं नाव आलं. मागं एकीला मधेच दिली तेव्हा काय रामायण झालं ते सगळ्यांना माहितीये.

राहुल ३०३: भडंग घेऊन बसलोय 😄

शिंदे सर (सेक्रेटरी): भिशीचा विषय भिशीच्या ग्रुपवर घ्यावा ही नम्र विनंती. हा ग्रुप पाणी, लिफ्ट व मेंटेनन्ससाठी आहे. लिफ्टची ज्यांची बाकी आहे त्यांनी ती लवकर जमा करावी.

सुनीता २०३: "ज्यांची" म्हणजे माझीच ना सर? नाव घेऊन लिहा की. दुसरा हप्ता ऑगस्टला देते म्हणून मीटिंगमध्ये सांगितलंय.

शिंदे सर (सेक्रेटरी): वैयक्तिक कुणाला म्हटलेलं नाही 🙏

कुलकर्णी काका ४०१: सुनीता, दोन वर्षांपूर्वी जिन्यात सांगितलं होतं. मूल अकरावीला गेलं की जूनपासून महिना २,००० ची आवर्ती ठेव टाकावी. २४ महिन्यांत ४८,००० मुद्दल, व्याज वेगळं. मुदत मे अखेर संपेल अशी ठेवावी. फॉर्म, रजिस्ट्रेशन, दाखले, जाणं-येणं सगळं त्यात बसतं.

पाटील वैनी १०४: पण सुनीता, एवढे पैसे कशाला लागतायत? प्राजूच्या वेळी २०२४ ला नीटचा फॉर्म १,७००, स्टेट कौन्सिलिंगचे १,००० आणि ऑल इंडिया कौन्सिलिंगचे १,००० अधिक १०,००० डिपॉझिट. मिरजेला लागल्यावर डिपॉझिट परत आलं. आम्हाला काही जड गेलं नाही.

सुनीता २०३: वैनी, प्राजूला गव्हर्नमेंट मिळालं. ओमचे मार्क तिथपर्यंत जात नाहीत, सगळ्यांना माहितीये, लपवून काय करू. आम्ही डीम्डला, म्हणजे अभिमत विद्यापीठांच्या कॉलेजांना पण भरतोय, इथलं भारती आणि कराडचं कृष्णा. डीम्डचं रजिस्ट्रेशन ५,००० आणि डिपॉझिट २,००,०००. ऑल इंडियाचं वेगळं भरावं लागत नाही, त्यातच येतं. पण एकदम २,०५,००० खात्यात पाहिजेत. माझ्याकडं १,६५,००० आहेत.

माने अण्णा १०१: डिपॉझिटलाच दम लागतोय, मग फी कुठनं भरणार? सहज विचारतोय.

सुनीता २०३: अण्णा, शैक्षणिक कर्ज मंजूर आहे. पण कर्जाचे पैसे ॲडमिशन झाल्यावर कॉलेजला जातात. डिपॉझिट आपल्या खिशातनंच भरायचं. हे आम्हालाही याच महिन्यात कळलं. आणि बाकी घरचा हिशेब ग्रुपवर मांडू का?

कुलकर्णी काका ४०१: घरात एफडी असेल तर मोडू नका. एफडीवर कर्ज मिळतं.

सुनीता २०३: एफडी सासूबाईंच्या नावावर, सासूबाई पुण्यात नणंदेकडं, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. सही कुठनं आणू काका?

राहुल ३०३: अंगठा कुरिअरनं मागवा 😂

राहुल ३०३: हा मेसेज डिलीट केला गेला

माने अण्णा १०१: पाटील वैनींना फी पण माफ आहे म्हणे. आमच्या काळात मार्क बघायचे, आता दाखला बघत्यात. ८ लाखांच्या आतलं उत्पन्न आणि पार्किंगमध्ये गाड्या दोन 🙏

पाटील वैनी १०४: अण्णा, दुसरी गाडी माझ्या भावाची आहे, सोसायटीला लेखी दिलंय. आणि सवलत मुलींसाठी आहे, जुलै २०२४ चा जीआर आहे, आम्ही काही चोरून घेतलेली नाही. माफ होते ती शिक्षण फी आणि परीक्षा फी. होस्टेल, मेस, पुस्तकं कोण देतंय? तुमची स्कूटर चार महिने माझ्या स्लॉटमध्ये होती, तेव्हा मी ग्रुपवर लिहिलं होतं का?

शिंदे सर (सेक्रेटरी): पार्किंगचा विषय रविवारच्या मीटिंगमध्ये.

कुलकर्णी काका ४०१: मूल अकरावीला गेलं की जूनपासून महिना २,००० ची आवर्ती ठेव टाकावी. २४ महिन्यांत ४८,००० मुद्दल, व्याज वेगळं. (वरचा मेसेज काहींनी वाचला नसेल म्हणून पुन्हा.)

सुनीता २०३: काका, ओम बारावी होऊन दुसऱ्यांदा नीट देऊन बसलाय. त्याला परत अकरावीत घालू का?

(दुपारी)

मुल्लाभाभी २०२: आत्ता बघितलं सगळं, दुकानात गर्दी होती. सुनीता, माझा नंबर तू घे. ४०,००० संध्याकाळी शोभाताईंकडनं उचल. तुझा नंबर लागंल तवा मला दे. मला कपाट करायचं हुतं, कपाट काय पळून जात नाही.

सुनीता २०३: भाभी 🙏🙏 काय बोलू.

शोभाताई ३०२: तसं नियमात बसत नाही. पण दोघींची वहीत सही घेते. आणि हे उदाहरण म्हणून पुढं कुणी दाखवायचं नाही.

मुल्लाभाभी २०२: एकच सांगते. पैसे तुमच्याच खात्यातनं भरा. आमच्या साहिलच्या वेळी कार्ड चालंना, तर नेट कॅफेवाल्या पोरानं त्याच्या खात्यातनं १०,००० भरले, आम्ही त्याला रोख दिले. डिपॉझिट परत येताना ज्या खात्यातनं गेलं त्याच खात्यात येतंय. तोवर त्यानं दुकान सोडलेलं. ह्यांनी कुपवाडला त्याच्या मामाच्या घरी सहा खेपा घातल्या. दिवाळीत मिळाले, ते पण ८,५००.

माने अण्णा १०१: दीड हजार कसले कापले?

मुल्लाभाभी २०२: म्हणला खर्च झाला. अण्णा, तुम्ही जाऊन विचारा की.

पाटील वैनी १०४: आणि सुनीता, नेटबँकिंगची मर्यादा आजच बघून घे. आमची ५०,००० वर होती, वाढवल्यावर एक दिवस थांबायला लागलं. गुरुवारी बघितलं तर बसशील रडत. आणि पहिल्या राउंडला मिळालेली सीट सोडली तर डिपॉझिट जात नाही, दुसऱ्या राउंडला मिळून घेतली नाही तर जातं. चॉइस भरताना उगाच लांबची कॉलेजं टाकू नको.

सुनीता २०३: बघते.

राहुल ३०३: काका, आमची नर्सरीत आहे. चालू करू का ठेव?

कुलकर्णी काका ४०१: मग तर फारच उत्तम. वरचाच मेसेज तुझ्यासाठी पुन्हा टाकतो.

राहुल ३०३: नको नको काका, वाचलाय 🙏

कुलकर्णी काका ४०१: मूल अकरावीला गेलं की जूनपासून महिना २,०००

कुलकर्णी काका ४०१: चुकून अर्धाच गेला.

(बुधवार रात्र)

सुनीता २०३: भरले. ह्यांच्या खात्यातनं. पहिल्यांदा फेल दाखवलं, पाच मिनिटं हात-पाय गार पडले, मग झालं. पावतीची प्रिंट काढायची आहे, आता कुणाचा प्रिंटर चालू आहे का?

शिंदे सर (सेक्रेटरी): अभिनंदन. लिफ्टचं ऑगस्टमध्ये बघू.

माने अण्णा १०१: आमच्यातली शाई संपल्या.

पाटील वैनी १०४: खाली ये. कागद घेऊन ये.