व्हेडर नदीवर सॅल्मन: तीन शनिवार, अकरा गळ, मासा शून्य

कर्लीकाठचा
मंडळी, मी मूळचा नेरूरचा. कर्लीच्या खाडीत गरी टाकून तांबोशी काढत वाढलो. आता दोन वर्षं कॅनडात, ब्रिटिश कोलंबियातल्या सरे शहरात. गेले तीन शनिवार चिलिवॅकजवळ व्हेडर नदीवर जातोय. साडेदहा फुटी काठी, फ्लोट (दोरीवरचा तरंगता बुडगा), खाली वजनाला शिसं, आमिषाला रंगवलेली गाबोळी म्हणजे माशाची अंडी, सगळं दुकानदाराने सांगितलं तसं. शेजारचे आजोबा दोन कोहो (सॅल्मनची एक जात) काढून नऊच्या आत घरी गेले. माझे अकरा गळ तळाच्या दगडांनी ठेवून घेतले. बायको म्हणते, एवढ्या पेट्रोलात दुकानातला अख्खा सॅल्मन आला असता. लायसन्स आहे, सॅल्मनचे जादा पैसेही भरलेत. चुकतंय कुठे?

चिलिवॅकची काकू
वयाने मोठी आहे, अरेतुरे करते. तू खाडीतली सवय घेऊन आलायस. तिथे आमिष तळाला सोडून वाट बघायची, इथे ते प्रवाहाबरोबर वाहायला हवं, तळापासून फूटभर वर.

फ्लोटकडे बघ. टोक प्रवाहाच्या दिशेने झुकलं की शिसं तळाला घासतंय. फ्लोट वीतभर खाली सरकव आणि पुन्हा टाक. टोक तुझ्याकडे, वरच्या अंगाला झुकलं तर तू दोरी ओढून धरलीयेस, सैल सोड. सरळ उभा वाहिला तर बरोबर. दर डोहाची खोली निराळी, म्हणून जागा बदलली की हे सगळं पुन्हा करायचं. मी पहिली दहा मिनिटं त्यातच घालवते.

शिशाखालचं तंगूस, म्हणजे गळ बांधायची नायलॉनची दोरी, मुख्य दोरीपेक्षा कमी ताकदीचं लाव. अडकलं तर फक्त गळ जातो, फ्लोट वाचतो.

आणि हा मासा भूक लागली म्हणून येत नाही. अंडी घालायला नदीत शिरला की त्याचं खाणं जवळजवळ बंद. चिडून नाहीतर सवयीने तोंड घालतो. फ्लोट जरा थबकला तरी काठी उचल, खाली जायची वाट बघू नकोस. पाणी गढूळ असेल तर गाबोळीचा गोळा मोठा, नितळ असेल तर नखाएवढा. पावसाने चढलेली नदी उतरून हिरवट झाली की दुसऱ्या दिवशी पहाटे उजाडायच्या आत काठावर हजर राहा.

मिशनपुलाखाली
काकूंना +१. गळाचा उलटा काटा पक्कडीने दाबलायस ना? इथे तो चालत नाही. कोहोच्या पाठीवर शेपटीजवळचा छोटा मांसल पर कापलेला असेल तरच ठेवायचा, तो हॅचरीचा, म्हणजे मत्स्यबीज केंद्रात वाढवून सोडलेला. पर शाबूत असेल तर पाण्याबाहेर न काढता सोड. गळ तोंडाऐवजी पोटात किंवा शेपटीत रुतला तरीही सोडायचा.

फ्रेझर नदीवर जाणार असशील तर मिशन गावच्या रेल्वे पुलापासून खाली, समुद्राच्या बाजूला, भरती-ओहोटीच्या पाण्याचं लायसन्स वेगळं लागतं. निघण्याआधी त्या दिवशीची सरकारी सूचना वाच, कधीकधी आठवड्यात नियम फिरतात.

कर्लीकाठचा
काकू, झुकलेलं टोक! माझा फ्लोट तीन शनिवार पुढे वाकून नमस्कार करत होता. काल दोन फूट खाली सरकवला. साडेसातला थबकला, उचललं, आणि चम (सॅल्मनचीच दुसरी जात) निघाला. अंगावर जांभळे पट्टे, दात असे की पक्कड काढायला हात थरथरला. सोडून दिला. गळ गेले फक्त दोन.

आता गाबोळी घरीच मुरवावी म्हणतो. मीठ, साखर, बोरॅक्स, बरोबर?

चिलिवॅकची काकू
बरोबर. पण बोरॅक्स म्हणजे टाकणखार, खायचा नाही, म्हणून डब्यावर मोठ्या मराठी अक्षरांत लिही. माझ्या सासूबाईंनी बोरॅक्सची गाबोळी तिखट-हळद लावून रव्यात घोळवायला घेतली होती. तवा तापलेला. मी दारातूनच ओरडले.

कर्लीकाठचा
आई पुढच्या महिन्यात येतेय. कुलूप आणतो.