शब्दचर्चा : ग्लेझचा थर, हात की पुट?

मूळ प्रश्न
कोल्हापुरात आम्ही काही जणी स्टोनवेअरची, म्हणजे चढ्या आचेवर भाजून टणक होणाऱ्या मातीची भांडी करतो. नव्याने शिकायला येणाऱ्यांसाठी मी मराठीत एक टिपण तयार करत आहे. त्यात ग्लेझच्या, म्हणजे भांड्यावर लावून भट्टीत वितळवायच्या काचेसारख्या लेपाच्या, दोन तऱ्हेच्या प्रयोगांविषयी लिहायचे आहे. पहिल्या तऱ्हेत दोन ग्लेझ पातळ असतानाच ठरावीक प्रमाणात एकत्र करतात. दहा-दहा टक्क्यांनी प्रमाण बदलत गेले, तर दोन्ही टोके धरून ११ चाचणी-तुकडे होतात. तीन ग्लेझ घेऊन वीस-वीस टक्क्यांनी गेले, तर २१. दुसऱ्या तऱ्हेत एक ग्लेझ लावून सुकू देतात आणि मग त्यावर दुसरे चढवतात. मी ‘झिलईचे मिश्रण’ आणि ‘झिलईचे थर’ असे लिहिले होते. शाहूपुरीच्या कुंभार गल्लीतील आमच्या ओळखीचे एक काका ते वाचून म्हणाले, “भट्टीतून निघाल्यावर मला त्यातला थर दाखव.” तो मला दाखवता आला नाही. तर या दुसऱ्या तऱ्हेला, लेयरिंगला, काय म्हणावे?

प्रतिसाद १
काकांचा आक्षेप रास्त आहे. माझ्यासमोर आत्ता एक वाटी आहे. खाली तेनमोकू नावाचे लोहाचे काळे ग्लेझ आणि त्यावर रुटाइल (टायटॅनियमचे खनिज) घातलेले पांढरे, असे लावून ती साधारण १२५० अंश सेल्सिअसला भाजली. काठावर, जिथून ग्लेझ ओघळून पातळ झाले, तिथे तांबूस तपकिरी रंग आहे, त्याखाली निळसर रेघा उतरल्या आहेत, आणि हा निळा दोन्ही बादल्यांपैकी एकीतही नव्हता. म्हणजे थर दिले मी, मिश्रण केले भट्टीने. शिवाय एकेकटी शहाण्यासारखी वागणारी दोन ग्लेझ एकत्र आली, की पुष्कळदा लवकर वितळतात आणि वाहतात. माझी पहिली वाटी भट्टीच्या फळीला चिकटली, ती छिन्नीने सोडवावी लागली. तेव्हापासून मी तळाशी बोटभर जागा कोरी ठेवतो. शब्द मात्र आपल्याकडे आहे : ‘हात’. पहिला हात, दुसरा हात. किती वेळा लावले एवढेच तो सांगतो, पुढे काय उरले याची हमी देत नाही.

प्रतिसाद २
‘हात’ हा भिंती रंगवणाऱ्यांचा शब्द आहे आणि लेखी मराठीत तो उघडा पडतो. ‘पुट चढवणे’ हा चांगला रुळलेला प्रयोग हाताशी असताना तो का टाळावा, हे मला कळत नाही.

प्रतिसाद ३
आमच्या घरात तीन पिढ्या वैद्यकी होती, म्हणून सांगतो. रसशास्त्रात पुट म्हणजे दिलेली आच. भस्म करताना गजपुट (खड्ड्यात गोवऱ्यांची आच) देतात ते याच अर्थाने. ‘दोन पुटे दिलेली वाटी’ असे वाचले, तर ती दोनदा भाजली असेच मी समजेन. आणि स्टोनवेअर बहुधा खरोखरच दोनदा भाजतात, आधी ९०० ते १००० अंशांना कोरे आणि मग ग्लेझ लावून. गोंधळ नक्की होणार.

प्रतिसाद ४
थराचे नंतर पाहू, आधी ‘झिलई’ काढा. मी हुपरीचा, चांदीच्या कामातला. आमच्याकडे झिलई घासून आणतात, वरून काहीही लावत नाहीत. धातूवर काच वितळवून बसवतात तिला मीना म्हणतात. ग्लेझ ही काचच आहे, तर तिलाही मीनाच म्हणावे.

प्रतिसाद ५
पूर्वार्धाशी सहमत. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीला १९४५-४६ मध्ये उत्खनन झाले आणि सातवाहनकाळची वस्ती उजेडात आली. त्या काळातील दख्खनमधील तांबडी चकचकीत खापरे पाहिली आहेत का? ती चकाकी घोटून आणलेली असते, वर काच नसते. झिलई हा शब्द त्या खापरांना शोभतो. मीना म्हटले, की मात्र लोकांना दागिनेच आठवतील. ग्लेझला ग्लेझ म्हणावे.

प्रतिसाद २
मग मराठीत टिपण लिहिण्याचे कष्ट तरी कशाला घ्यावेत? ‘काचलेप’ म्हणा. अर्थ पहिल्याच वाचनात कळतो.

प्रतिसाद १
कळतो, पण बादली ढवळता ढवळता “काचलेप खाली बसला, ढवळून घे” असे कोणी म्हटलेले मी अजून ऐकलेले नाही. आणि झिलई स्वतः तरी कुठे इथली? ती अरबी ‘जिला’वरून आली आहे.

मूळ प्रश्नकर्ती
सर्वांचे आभार. माझ्या तुकड्यांच्या मागे मी पहिल्यापासून ‘का. खाली, पां. वर’ (काळे खाली, पांढरे वर) एवढेच लिहीत आले आहे. क्रम उलटला, की रंग बदलतो, त्यामुळे तेवढे लिहावेच लागते. टिपणात तूर्त ‘खाली-वर लावणे’ असे घालते. मथळ्याची जागा मात्र अजून कोरीच आहे.

प्रतिसाद ४
मथळा सुचेल, ताई. पण आमचे आजोबा ‘जिल्हई’ म्हणत. ‘जिला’त नसलेला हा ह आला कुठून, ते प्रतिसाद १ यांनी आधी सांगावे.